मालूताई आणि स्नायूंतलं पाणी

मालूताई गेली हे तिच्या शेजारणीने फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "अहो, पण ती आत्ता इकडे यायची आहे." जेवून ती कोपरहून निघायची आणि चहाच्या वेळेला आमच्या कोलशेतच्या घरी हजर व्हायची. त्या दिवशी जेवून जरा आडवी झाली, ती उठलीच नाही...

माझी ही थोरली बहीण कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि उरलेल्या वेळात स्नायूंतल्या पाण्याच्या मागे हात धुऊन लागलेली असायची. वेड लहानपणचंच. पाडव्याच्या आदल्या दिवशी आईने श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगलं होतं. लवकर निथळावं म्हणून ताईने ते खाली काढलं आणि त्यावर सगळा भार टाकला. फडकं फाटलं, चक्का फरशीभर! आईने धपाटा घातला, तर ही म्हणते कशी, "अगं आई, पण पाणी निघायच्या आधी फडकंच का फाटलं?"

पुढे जवळपास हाच प्रश्न तिने स्नायूला विचारला. स्नायू आखडतो तेव्हा पेशीतले धागे एकमेकांवर सरकतात, हे पुस्तकात असतं. पण धाग्यांच्या मधे पाणी भरलेलं असतं. धागे हलले की त्यालाही बारीक फटींतून झिरपत जागा बदलावी लागते, आणि त्याला लागणारा वेळ स्नायूच्या वेगालाही लगाम घालतो, असं तिचं म्हणणं. सहकारी हसायचे. "मॅडम, पाण्यात काय बघायचं?" तिला लागायचं ते. पण तिने हेका सोडला नाही, आणि मला तिचा तो हेका फार आवडायचा.

गेल्या वर्षी मला अर्धांगाचा झटका आला. जन्मभर ज्या हाताने कारखान्याचे नकाशे काढले, त्या उजव्या हाताची मूठ उघडेना. ताई रोज येऊन, चहा झाला की समोरच्या खुर्चीत बसून एकेक बोट सोडवू लागली. एकदा मी वैतागून म्हणालो, "तुझं ते पाणीच अडलं असेल आत."

"गप रे. पाण्यावर उगाच आळ घेऊ नकोस. तुझ्या डोक्यातून निरोप पोचत नाहीये. पोचेल, घाई नको. ही मूठ उघडलेली बघितल्याशिवाय मी कुठे जात नाही."

गेली की! असा राग आला मला तिचा...

तिने लग्न केलं नव्हतं, त्यामुळे दहाव्याला पाणी द्यायला मीच बसलो. गुरुजी समजुतीने म्हणाले, "काका, डाव्या हाताने द्या, चालेल." मी म्हणालो, "थांबा जरा." सगळे खोळंबले. बोटं एकेक करून सुटत गेली आणि तळवा पूर्ण उघडला. गुरुजींनी पाणी घातलं, ते अंगठ्यावरून खाली गेलं. मी तिथेच लहान मुलासारखा रडलो. बघायला तीच नव्हती.

अजून चहा झाला की मी हात टेबलावर ठेवून बसतो. सूनबाई घर आवरताना समोरची खुर्ची आत सरकवून ठेवते. मी ती पुन्हा बाहेर ओढतो. उजव्या हाताने.