मेलेला शिपाई रथाशेजारी

जादूच्या सिनेमांतल्या चुका पकडायचा मला नाद आहे. राक्षस उडतो, झाड बोलतं, राणी आरशातून पलीकडे जाते, याला माझी काहीच हरकत नसते. पण गुहेत शिरताना बोटभर उरलेली मेणबत्ती बाहेर पडताना वीतभर दिसली, की मी खुर्चीत सरळ होतो. एका सिनेमात जादूगाराचा पडलेला दात पुढच्या वाक्याला परत जागेवर होता. दुसऱ्यात बर्फाच्या राज्यातून पळणाऱ्या राजकन्येमागे लांबवर, पण अगदी स्पष्ट, एक माड डोलत होता. अशी चूक सापडली की मी ती एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. तिथे माझ्यासारखे आणखी पुष्कळ आहेत.

घरात या नादाला कोणी भाव देत नाही. सिनेमा सुरू होण्याआधीच बायको बजावते, "आज मोजू नकात हां. गप बसान बघा." मी डिचोलीला एका पतसंस्थेत हिशेब बघतो, त्यामुळे सगळ्याचा दोष ती नोकरीला देते. माझा थोरला भाऊ तर हातच जोडायचा.

"राकस उडता ता तुका चलता," दादा म्हणायचा, "आणि मेणबत्ती वाढली ती चलना नाय?"

"राक्षस उडतो असं त्यांनी आधीच सांगितलंय. मेणबत्ती वाढते असं कुठे सांगितलं?"

"बाबा रे, तुझ्यावांगडा बसण्यापेक्षा खाणीवर गेललो बरो."

खाणीवर तो बरीच वर्षं होता. खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्यावर तुयेच्या एका कारखान्याचा टेंपो चालवू लागला. मग एका बंद खाणीवर सिनेमावाले आले. खड्ड्यात साठलेलं हिरवं पाणी आणि भोवतीच्या तांबड्या पायऱ्या त्यांना असुरांची राजधानी म्हणून पसंत पडल्या. शिपाई म्हणून त्यांना माणसं हवी होती. जुने ड्रायव्हर बरेच गेले, त्यांत रजा टाकून दादाही गेला. पूर्वीसारखाच कानात तांबडी धूळ घेऊन तो घरी आला, तेव्हा वहिनीला हसू आवरेना.

"मी मरतंय," त्याने आम्हांला सांगितलं. "छातीत बाण. तोंड कॅमेऱ्याकडे. दिग्दर्शक म्हणालो, बरो मेलंस." आणि तो कसा मेला ते हॉलमध्ये पडून दाखवलं.

"उठा," वहिनी ओरडली, "आत्ता लादी पुसललंय!"

सिनेमा यायच्या आधी दादा खरोखरच गेला. तुयेला कारखान्याच्या फाटकाशी, टेंपोत बसल्या बसल्या. हृदय बंद पडलं. वहिनी पोचली तेव्हा सगळं संपलं होतं.

सिनेमा म्हापशाला लागला तेव्हा वहिनी मला म्हणाली, "भावजी, माका तो बघूचो आसा."

ती पुढे म्हणाली, "फोटो आसत. पण चलताना खंय आसत हे? व्हिडिओ काढूचे तेच. सगळ्यांत आमी दिसतो, आणि ह्यांचो नुसतो आवाज."

ते खरं होतं. बायकोने मला स्वयंपाकघरात नेलं. "वयनीक नेव नकात. एकदा गेले ते पुरे नाय? परत बाण लागताना बघतली?" शेवटी असं ठरलं, की आधी मी एकट्याने जाऊन बघून यायचं. किती दिसतो, कसा मरतो, वहिनीला सोसेल का. घरातला चुका शोधणारा मी, म्हणून काम माझ्याकडे आलं.

दुसऱ्या लढाईत दादा मरणार हे मला माहीत होतं. तरीही तो पडद्यावर आला तेव्हा मी खुर्चीचा हात घट्ट धरला. डोक्यावर पत्र्याचं शिरस्त्राण, गालावर निळा पट्टा, आणि त्याखाली त्याचंच तोंड. तो भाला घेऊन धावत आला. बाण लागला. त्याने छातीकडे बघितलं, जरा नवल वाटल्यासारखं, आणि पडला. घरी हॉलमध्ये पडून दाखवताना त्याने असं बघितलं नव्हतं. पुढचा बराच सिनेमा मी बघितला, पण काय बघितलं ते सांगता येणार नाही. वहिनीला आणायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

मग राजाची मिरवणूक निघाली. लढाई कधीच संपलेली, मेलेल्यांना अग्नी दिलेला. चार चाकांचा मोठा रथ उभा होता आणि भोवती शिपाई. त्यांतला एक रथाच्या पुढच्या चाकाशी वाकला आणि भाल्याचं मागचं टोक चाकावर ठोकलं. कान देऊन ऐकलं. मागच्या चाकाकडे गेला, ठोकलं, ऐकलं. मग रथाला मागून वळसा घालून पलीकडच्या मागच्या चाकावर ठोकलं.

खाणीवरून ट्रक हलवायच्या आधी ड्रायव्हर लोखंडी सळी घेऊन असंच फिरायचे. टायरवर ठोकायची आणि आवाज ऐकायचा. आवाज बद्द आला तर हवा कमी. लाकडाच्या चाकात कसली हवा? पण रथ निघणार म्हटल्यावर दादाचा हात गप्प बसला नसणार. माणसं कमी पडली म्हणून त्याला मेल्यावर परत उभं केलं असेल. तो ही गंमत सांगायला कसा विसरला, मला कळत नाही.

मी "दादा!" असं मोठ्याने ओरडलो. शेजारच्या बाईने पोराला जवळ ओढलं. एवढी ढळढळीत चूक मी आजवर बघितली नव्हती. मेलेला माणूस, गालावर तोच निळा पट्टा, चालतोय, वाकतोय, ऐकतोय. सिनेमा सुटल्यावर पार्किंगमध्ये मला माझी स्कूटर सापडेना. ग्रुपवर काही टाकायचं मला सुचलंही नाही.

घरी वहिनी अंगणातच उभी होती. "कसे मरतत?"

"बाण लागता. पडता," मी म्हणालो. "पण वयनी, मागीर परत दिसता."

"भूत होवन?" बायकोने विचारलं.

"भूत नाय. चूक झाली त्यांची." आणि मी चाकांचं सांगितलं. "तीन चाकं ठोकली. चौथं दिसलं नाही."

वहिनीने बोटांवर चाकं मोजली. मग म्हणाली, "चौथा ठोकल्याशिवाय हे गाडी हलवूचे नाय. दिसला नसतला." आणि लगेच म्हणाली, "फाल्या जावया."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. दादा बाण लागून पडला तेव्हा वहिनीने डोळे मिटले नाहीत. बायकोने मिटले. मिरवणूक जवळ आली तशी मला भीती वाटू लागली. मी खरंच बघितलं होतं ना? दुःखात माणसाला काहीही दिसतं. मी वहिनीला काय सांगून बसलो होतो? तेवढ्यात तो वाकला.

"हे!" वहिनी उभीच राहिली. "हे बघा, हे! चलतत!"

सगळ्यांनी पडद्याकडे निरखून बघितलं. मागच्या रांगेतला एक माणूस मोठ्याने हसला. "आरे, हो मेल्लो न्हय रे! बाण लागिल्लो हाका!"

मी स्वतः हेच ओरडलो असतो, याच सुरात, आणि वर ग्रुपवर टाकलंही असतं.

वहिनी मागे वळली. "मेलो तर मेलो," ती त्याला म्हणाली. "तुजा काय गेला?"

रथ हलला. दादा त्याच्या बाजूने चालत गेला, नेहमीसारखा जरा उजव्या खांद्यावर कलून, आणि पडद्याच्या कडेला दिसेनासा झाला. वहिनी खाली बसली. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"भावजी, परत येतत काय हे?"

"नाय, वयनी."

"मगे चला."

आम्ही तिघंही उठलो आणि लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत बाहेर आलो. राजाचं पुढे काय होतं ते मला माहीत होतं. तिने विचारलं नाही.