फुग्यातला वायू

भाचीच्या मुलीचा, मीराचा, पाचवा वाढदिवस होता. माझ्यासारख्या निवृत्त विज्ञानशिक्षकाला फुगे दिसले की राहवत नाही. मी एका फुग्यातला हेलियम थोडासा ओढला आणि म्हणालो, "मुलांनो, गप्प बसा!" आवाज चिमणीसारखा निघाला. मुलं हसून लोळली. हेलियम हवेपेक्षा फार हलका, त्यात ध्वनी जोरात धावतो, म्हणून आवाज असा बारीक होतो, हेही मी समजावून सांगितलं.

मागे सुलभावहिनी बसल्या होत्या. गळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज असाच बारीक, फाटका झालाय. हे मला ठाऊक होतं. हशाच्या भरात विसरलो.

त्यांनी हाक मारली, "मीरा, पेढा घे."

मीरा थबकली. "आजी, तुम्ही पण फुगा ओढलात?"

मोठी माणसं फुग्यांकडे बघू लागली. "हो गं," वहिनी म्हणाल्या, "माझा जरा मोठा होता."

हेलियम जळत नाही, कशाशी संयोग पावत नाही, अगदी निरुपद्रवी, असं मी वर्षानुवर्षं शिकवलं. वायूचं काही चुकलंही नव्हतं.

निघताना मी म्हणालो, "वहिनी, चुकलं माझं."

"अहो, किती दिवसांनी कुणी तरी माझ्या आवाजाबद्दल सरळ विचारलं. तुम्ही सगळे मी बोलायला लागले की दुसरीकडे बघता."

तेव्हाही मी दुसरीकडेच बघत होतो.