चूलबंद आवतन

आमच्याकडं लगनाचं आवतन दोन तऱ्हेचं रायते. एक, घरातल्या एका मानसाले. दुसरं चूलबंद. चूलबंद सांगतलं म्हनजे घरातल्या सगळ्याईनं तिकडंच जेवाचं. त्या दिवशी तुमच्या चुलीतून धूर निघाले नाई पायजे.

माह्या पोरीले आता तिसावं लागलं. जन्मापासून बोलत नाई, चालत नाई. तिचा बाप ती लहान असतानीच गेला. म्या लोकाईच्या बांधीत धानाचं रोवनं केलं, तिले बांधावर पोत्यावर बसवून. चिखलाचे हात धुवाचे, घास भरवाचा, पुन्हा वाकाचं. निघाले दिवस.

यंदा उन्हाळ्यात धाकट्या देराच्या पोराचं लगन होतं. घर लागूनच. आदल्या दिवशी देर सांगाले आला.

"वयनी, उद्या चूलबंद आहे बरं. पोरीचा डब्बा मी पाठवून देतो."

"डब्बा कायले?"

"मांडवात पाव्हने रायतीन. तिले आनून का करता? तिले का समजते?"

"समजते ना. वांगं देऊन पाय, तोंड फिरवते. तुह्या मायसमोर तुमी कोनी वांग्याले नाई म्हनू शकत होते का?"

हासला तो. पन डब्बा येईन म्हनूनच गेला.

दुसऱ्या दिवशी तिकडं वाजा सुरू झाला. म्या पोरीले आंग धुवून दिलं, तेल लावलं, नवा गाऊन घातला. आन चूल पेटवली. गॅस आहे घरी, पन गॅसचा धूर दिसत नाई.

देर फेटा सांभाळत धावतच आला. "वयनी! चूलबंद सांगतलं ना तुमाले? लोक का म्हनतीन?"

"या घरात मानसं दोन. आवतन एकाले. मंग चूल कशी बंद करू?"

पोरगी त्याच्या गुलाबी फेट्याकडं पाहून हासून रायली होती. तिले रंग आवडतेत. त्यानं तिच्याकडं पायलं. मंग तिच्यासमोर खाली बसला.

"चाल बाई," तिलेच म्हने, "जेवाले चाल."

त्यानं तिले उचललन. म्या चुलीतली लाकडं बाहेर ओढून इझवली.

पंगतीत तो सोताच भाजी घेऊन आला. वांगं-आलूची. मी सांगनारच होती, तं त्यानं हातानं मले चूप केलं.

"भाजी वाढू का, बाई?"

पोरीनं तोंड फिरवलन.

"नाई म्हनते," तो म्हने, आन वरन-भात घेऊन याले त्यानं आवाज देल्लन.