चार पानी हरकत

बाबांनी पुण्यातल्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. आई गेल्यावर मी त्यांना परदेशात माझ्याकडे, माउंट रॉस्किलला आणलं, आणि इथे त्यांच्या इंग्रजीला कुणी विचारेना. बसचा ड्रायव्हर 'झकास' या अर्थी नुसतंच 'स्वीट ॲज' म्हणायचा. बाबा वाक्य पूर्ण व्हायची वाट बघत उभे राहायचे. तरी रोज सकाळी घरासमोरच्या स्टॉपवरून बस पकडून ते लायब्ररीत जात. दिवसभरात तेवढंच त्यांचं स्वतःचं असायचं.

तो स्टॉप वर चढावावर हलवणार, अशी नोटीस खांबावर लागली. हरकती लेखी मागवल्या होत्या. बाबांच्या गुडघ्याचे तेव्हा हाल होते, दाराच्या तीन पायऱ्या उतरतानाही कठडा लागायचा. पण 'हरकत' म्हटल्यावर स्वारी खुलली. 'ट्रेंचंट' हा त्यांचा लाडका शब्द इतकी वर्षं जागेची वाट बघत होता. मी एकदा इथल्या थंड वाऱ्याला ट्रेंचंट म्हटलं तेव्हा त्यांनी मला झापलं होतं. वारा नाही, सुरीही नाही. समोरच्याला निरुत्तर करणारी टीका असेल, तरच हा शब्द काढायचा.

दोन दिवस खपून त्यांनी चार पानं लिहिली. समास आखला, पानं दोऱ्याने बांधली. तो शब्द पाच वेळा आला होता आणि दरवेळी त्याखाली पट्टीने दोन रेघा होत्या. बोर्डाच्या परीक्षकाची नजर चुकू नये म्हणून ते मुलांना असंच शिकवत. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत जायच्या घाईत होते. त्या रेघा तेवढ्या पाहिल्या आणि न वाचताच पाकीट बंद केलं.

आठवड्याने बसच्या कचेरीतून एका बाईचा फोन आला. इतक्या रेघा ओढल्यात, तुमचे वडील फार संतापलेत का, घरी कुणाला बोलायला पाठवू का, असं तिने जपून विचारलं.

"संतापलेले नाहीत," मी म्हटलं, "त्यांना मार्क हवेत."

 कुणाला पाठवू नका, असंही मीच सांगितलं. त्याची मला अजून लाज वाटते.

मग उत्तर आलं. बाबांनी मला पहिली ओळ वाचून दाखवली. तुमच्या ट्रेंचंट निवेदनाबद्दल आभार, असं लिहिलं होतं.

"बघ, अगदी योग्य जागी वापरलाय," ते म्हणाले. डोळे भरले होते त्यांचे.

स्टॉपचं काय झालं, मी विचारलं. तो सोमवारपासून वर, असं ते सहज म्हणाले आणि पत्र देवघरात ठेवून आले.

सोमवारी ते अर्धा तास आधी निघाले. मी फार्मसीत कुणाच्या तरी गुडघेदुखीच्या गोळ्या मोजत होते, तेवढ्यात फोन वाजला. अर्ध्या चढावर कुणाच्या तरी कुंपणावर ते बसले होते.

"गुडघा दुखतोय गं. न्यायला ये."

त्यांना घरी आणल्यावर मी अर्जाची त्यांनी ठेवलेली नक्कल प्रथमच वाचली. चारही पानांत गुडघा कुठेच नव्हता.