सुमित्राची सही

सुमित्रा टेंभेकर माझी शेजारीण. जयपूरला बनीपार्कात आमची दारं समोरासमोर होती आणि दोन घरांत मिळून एक नळ. छप्पन साली तिच्या नवऱ्याची, सदाशिवरावांची, केंद्र सरकारच्या कचेरीत बदली झाली आणि ही बाई चिपळूणहून थेट वाळूच्या मुलखात येऊन पडली. पहिल्या आठवड्यात मला म्हणाली, "वासंती, इथली माणसं भात औषधासारखा खातात गं." मी इंदूरची, मला हिंदी पाठ आणि पोळ्यांची सवय. तिचं मात्र पावलोपावली अडायचं. भाजीवाल्याकडे "भैया, कोथिंबीर पाहिजे है" म्हणून ठसक्यात उभी राहायची आणि तो बिचारा माझ्याकडे बघायचा.

शिवणात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. अठ्ठावन्न साली चांदपोलकडच्या एका मुलींच्या शाळेत तिला शिवणाची शिक्षिका म्हणून घेतलं. हिंदी यथातथाच, पण सुईदोऱ्यापुरती पक्की होती. नाप लो, टाँका डालो, उधेडो. एवढ्यावर तिनं पाच वर्षं काढली. मुली तिला बहनजी म्हणत, आणि बहनजी व्हायचं म्हणजे काय ते तिच्याकडे बघून कळायचं. खळ घातलेली साडी, खांद्यावर टेप, मान ताठ. आमचे हे गमतीनं म्हणायचे, "निघाल्या बघ आपल्या शिक्षणमंत्री." तीही हसायची. नोकरी म्हणजे तिचा जीव की प्राण होता.

सदाशिवरावांना ती नोकरी खुपायची. माणूस वाईट नव्हता हो, हेच तर दुखणं. दारू नाही, विडी नाही, आवाज चढवणं नाही. पण कचेरीत कुणीतरी म्हणालं होतं, "टेंभेकर साब की मेमसाब नौकरी करती हैं," आणि ते त्यांच्या डोक्यात गेलं ते गेलंच. जेवायला बसले की म्हणायचे, "राजीनामा दे आता." ती म्हणायची, "नाही देणार." राजीनामा हा शब्द त्या घरात मिठासारखा रोज पानात वाढला जायचा. मला तो आमच्या ओसरीवर बसून ऐकू यायचा.

त्रेसष्टच्या जानेवारीत वर्गात माप कसं घ्यायचं ते दाखवताना तिनं स्वतःच्याच छातीभोवती टेप लावली आणि डाव्या बाजूला काहीतरी टणक लागलं. सुपारीएवढं. संध्याकाळी नळावर मला म्हणाली, "हात लावून बघ गं जरा." मी लावला. गाठ चांगली कडक होती, तरी म्हटलं, "असेल दुधाची जुनी गाठ." मी काय डॉक्टर आहे? पण बायका असंच बोलतात.

मोठ्या इस्पितळात डॉक्टर नीलकंठ आगटे होते. आपला माणूस, पुण्याचा, परदेशातून शिकून आलेला. परमुलखात आपल्या भाषेत नाडी धरणारा भेटला की माणसाला निम्मं बरं वाटतं. त्यांनी एक तुकडा काढून तपासायला पाठवला, आठवड्यानं तिला दाखल करून घेतलं.

इथून पुढे जे सांगणार आहे त्यात मीही आहे, आणि मी काही चांगली दिसणार नाही. दिसू दे.

मी डबा घेऊन गेले तर डॉक्टर आणि सदाशिवराव वऱ्हांड्यात उभे. मला बघून डॉक्टर थांबले नाहीत, घरचीच समजले. म्हणाले, "कॅन्सर आहे. स्तन काढावा लागेल. गाठ लहान आहे म्हणून एक गोष्ट सांगतो, मोठी असती तर बोललोही नसतो. वरची कातडी वाचवता येईल आणि त्याच ऑपरेशनात आत एक स्पंज बसवता येईल. खास त्यासाठी केलेला असतो. मी तिकडे बघितलंय, इथे दोघींना बसवलाय. उठल्यावर अगदीच सपाट वाटणार नाही. मात्र खात्री देत नाही. कधी कधी तो कडक होतो, पू झाला तर काढावाही लागतो. सगळं वहिनींना सांगा आणि त्यांना काय हवंय ते विचारा. सही त्यांचीच घ्या."

सदाशिवरावांनी विचार करायला वेळसुद्धा घेतला नाही. "नको नको. दोन मुलं झाली, चाळिशी आली. आता कुणाला दाखवायचंय? आणि तिला आधी काही सांगूच नका डॉक्टर, हाय खाईल. मी सांगतो माझ्या पद्धतीनं."

डॉक्टर म्हणाले, "सांगा मात्र नक्की." आणि गेले. त्यांना पुढचा पेशंट होता.

आम्ही आत गेलो. सुमित्रा खाटेवर बसून डोक्यावरचा पदर नीट करत होती. तिला एवढंच ठाऊक, की गाठ काढायची. तेवढ्यात इस्पितळाचा बाबू कागद घेऊन आला आणि म्हणाला, "बहनजी, राजीनामे पर दस्तखत कर दीजिए."

आता तिकडे जुन्या सरकारी बोलीत राजीनामा म्हणजे संमतीपत्र. मी राजी आहे, असा लेखी कागद. नोकरी सोडायची तर ते इस्तीफा म्हणतात. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. सदाशिवरावांना तर होतंच, त्यांचा दिवस अशाच कागदांत जायचा. सुमित्राला मात्र राजीनामा म्हणजे एकच गोष्ट ठाऊक होती, जी ती पाच वर्षं रोज जेवताना नाकारत होती.

तिचा चेहरा असा लाल झाला. बाबूकडे न बघता नवऱ्याला म्हणाली, "इथे? मी आजारी पडले ते बघून इथे आणलात होय कागद? मेले तरी राजीनामा देणार नाही. सांगून ठेवते."

सदाशिवराव एक क्षण गोंधळले. मग त्यांना उमगलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, त्यांना उमगलं, आणि ओठांच्या कडेला किंचित हसू आलं. किती सोपं झालं त्यांचं. सांगायचं नाही, रडणं बघायचं नाही, विचारायचं नाही. म्हणाले, "बरं बाई, नको देऊस. माझी कसली जबरदस्ती नाही." आणि बाबूला म्हणाले, "ये नहीं करेंगी. लाइए, मैं कर देता हूँ."

सही करता करता त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. अगं, हा तो राजीनामा नव्हे. पण मी ते गिळलं. नवराबायकोच्या मधे कशाला पडा, तिला धक्का बसेल, भावोजींनी काहीतरी विचार केला असेल. सगळ्या सबबी मी तिथल्या तिथे जमवल्या. खरं सांगू? मला भीती वाटली. आमच्या ह्यांचे साहेब आणि सदाशिवराव एका ताटात जेवणारे, आणि मला भांडण नको होतं.

ऑपरेशनला नेताना तिनं माझा हात दाबला. "बघितलंस ना वासंती? शेवटी हरले की नाही? जिंकले मी." हसत आत गेली ती.

शुद्धीवर आली तेव्हा पट्ट्या गळ्यापासून पोटापर्यंत. उजवा हात सावकाश डावीकडे गेला आणि तिथेच थांबला. किती तरी वेळ तिनं काढला नाही. मग विचारलं, "मला न विचारता?" सदाशिवराव म्हणाले, "टेबलावर घेतल्यावर कळलं गं. डॉक्टर तरी काय करणार, वेळ नव्हता." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली. तिला ते पटलं. नशिबावर रागावली, देवावर रागावली, सहा महिने देवापुढे दिवासुद्धा लावला नाही. ज्यांच्यावर रागवायचं ते आम्ही दोघं तिला पेज भरवत होतो.

पण बाई खमकी. तीन महिन्यांनी शाळेत परत जायचं म्हणाली आणि मशीनवर बसली. आधी चोळीच्या आत कापूस भरला. तो इतका हलका, की मशीनवर वाकली की वर गळ्याशी यायचा. मग वजनाला बाजरी भरली. उन्हाळा निभला, पण पुढे दमट हवेत तिला किडे लागले आणि वर्गात एक अळी पदरावर आली. ते सांगताना ती हसून हसून रडली आणि मग नुसतीच रडली. शेवटी धुतलेली, वाळवलेली मोहरी, तिला जुन्या धोतराची दुहेरी खोळ, वर कापसाचा पातळ थर, आणि चोळीला आतून खिसा. हे तिचं स्वतःचं डोकं. सांगानेरच्या छापाचं गडद कापड ती मुद्दाम घ्यायची, शिवण दिसू नये म्हणून.

आगटे डॉक्टरांच्या कानावर ते गेलं आणि ते एकेक बाई तिच्याकडे पाठवू लागले. घुंगट घेतलेल्या, टांग्यातून आलेल्या, सासू बरोबर घेऊन आलेल्या. सुमित्रा दार लावून माप घ्यायची, पंधरा दिवसांनी चोळी द्यायची. एकीनं जाताना तिच्या पायाला हात लावला तर खेकसली, "माणसासारखी उभी राहा." सदाशिवरावही आता नोकरीचं नाव काढीनासे झाले. मला वाटलं, झालं ते झालं, बुजलं.

अडुसष्टच्या मार्चमध्ये विभा नावाची मुलगी आली. बँकेतल्या एका मराठी अधिकाऱ्याची बायको, तिशीचीसुद्धा नव्हती. मी तिथेच बसून काजं करत होते. माप देता देता ती म्हणाली, "डॉक्टरांनी मला विचारलं होतं, आत काही बसवायचं का. मी नको म्हटलं, पुन्हा चिरफाड नको बाई. तुम्ही का नाही बसवून घेतलंत मावशी? पहिल्यापहिल्यांदा तुम्हालाही विचारलं होतं म्हणाले."

सुमित्राच्या हातातली टेप तशीच राहिली. विभाचं माप तिनं नीट पुरं केलं, लिहून घेतलं, दारापर्यंत सोडायला गेली. मग चपला घालून मला म्हणाली, "चल."

डॉक्टर तिला बघून उठून उभे राहिले. तिनं सरळ विचारलं. तेही सरळ बोलले, त्यांचं हे मानायला हवं. "मी टेंभेकरांना आधीच सांगितलं होतं. सगळं. स्पंजाचंही. ते म्हणाले, तुम्हाला नको आहे, आणि राजीनाम्यावर सही तुम्हीच नाकारलीत, त्यांना करायला सांगितलीत. बाबूही तेच म्हणाला. मी स्वतः येऊन तुम्हाला विचारायला हवं होतं. ती माझी चूक."

"राजीनाम्यावर?" सुमित्रा म्हणाली.

त्यांनी त्या शब्दाचा अर्थ सांगितला. मग ते घाईनं म्हणाले, "एका परीनं तुमचं बरंच झालं वहिनी. त्या दोघींचे स्पंज दगडासारखे झाले. एकीचा काढावा लागला."

"बरं झालं असेलही," ती म्हणाली. "मीही कदाचित नकोच म्हटलं असतं. पण ते मला म्हणायचं होतं, डॉक्टर."

घरी आलो तेव्हा सदाशिवराव ओसरीवर पेपर वाचत होते. तिनं ओरडून नाही, साध्या आवाजात विचारलं, "तुम्हाला तेव्हा कळलं होतं ना, मी कशाला नाही म्हणतेय ते?"

त्यांनी पेपर घडी करून ठेवला. "झाली की आता पाच वर्षं त्याला. तू चांगली धडधाकट आहेस. तुझ्या भल्याचंच केलं."

"कळलं होतं का?"

"कळलं होतं," ते म्हणाले. आणि मग, एकट्यानं उभं राहवेना म्हणून असेल, माझ्याकडे बोट केलं. "वासंतीवहिनींनाही कळलं होतं. त्यांची हिंदी माझ्यापेक्षा चांगली आहे. त्या का नाही बोलल्या ते विचार त्यांना."

ती माझ्याकडे वळली. नाही म्हण, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. माझ्यासाठी ती त्याच क्षणी नवऱ्याला खोटं पाडायला तयार होती. मी म्हटलं, "हो. कळलं होतं." आणि वऱ्हांड्यातलं सगळं ऐकलं होतं, तेही सांगितलं. एकदाचं सांगितलं.

ती आत गेली आणि मशीन सुरू झाल्याचा आवाज आला.

रात्रभर मला वाटत होतं, उद्या ती येईल, मला शिव्या घालेल, माझ्या झिंज्या उपटेल, मी सगळं ऐकून घेईन. तिला ओळखत होते ना मी. सकाळी मी नळावर घागर भरत होते. ती बादली घेऊन आली आणि दोन पावलं मागे उभी राहिली. मी घागर बाजूला घेऊ लागले.

"तुमचं होऊ द्या, वासंतीबाई," ती म्हणाली. "मला घाई नाही."

बारा वर्षं ती मला अगं म्हणत आली होती. सत्तर साली त्यांची बदली झाली, तोवर आम्ही त्याच नळावर रोज भेटलो, आणि एकदाही तिच्या तोंडून पुन्हा ते आलं नाही.