जवळ्याची घंटा

शाळा रोज झाडली तरी बाकांखाली रोज काहीतरी सापडतंच. पेन्सिलीचं टोक, चिंचोका, फ्रॉकचं बटण. फेकवत नाही. खिशात टाकतो आणि विसरतो. घरी सदरा धुवायला काढला की सूनबाई ओरडते, "बाबा, खिशात शाळा भरलीय!" किस्स्यांचंही तसंच झालंय. मी जमवले नाहीत, झाडता झाडता साचले.

पालघरकडच्या मुरबे गावाच्या अलीकडे, समुद्राच्या कडेला आमची शाळा आहे. पहिली ते सातवी. कौलं जुनी, पोरं नवी. मी तिथला कोण, ते कागदावर कुठं लिहिलेलं नाही. गुडघ्यांनी बोटीवर चढायला नकार दिला तेव्हा मुख्याध्यापक राऊत सरांनी माझ्या हातात घंटेचा हातोडा दिला. म्हणाले, "दामूकाका, आता पोरांना किनाऱ्याला लावा!"

राऊत सर या मे महिन्यात रिटायर होणार. त्यांना एकच घोर. बोईसरच्या इंग्लिश शाळेची पिवळी बस गावात यायला लागली आणि आमचा पट घसरायला लागला. आणखी घसरला तर शाळा बंद करून पोरं दुसऱ्या गावच्या शाळेत घालणार, असं वरून कळलं होतं. सर मला म्हणायचे, "काका, चाव्या दुसऱ्याच्या हातात देऊन जायचंय मला. कुलूप लावून नाही."

म्हणून सरांनी ठरवलं, शाळा डिजिटल करायची. पुढचं सगळं त्यातून झालं.

*

पहिल्यांदा आला स्मार्ट बोर्ड. बोटानं लिहायचं, बोटानं पुसायचं. साताऱ्याकडचे तरुण कदम सर तो चालवणार होते. ते बोर्ड लावून पहिली रेघ ओढणार तेवढ्यात राऊत सर म्हणाले, "थांबा! आधी पूजा."

नवी बोट पाण्यात उतरवताना गाव पूजा करतं. मग बोर्ड काय वेगळा? नारळ फुटला. सरांनी कोपऱ्यात ठसठशीत कुंकू लावलं आणि अक्षता टाकल्या. बोर्ड चालूच होता, हे कुणाच्या लक्षात नव्हतं. कुंकवाचं बोट लागलं आणि बोर्ड मोठ्या आवाजात इंग्रजी बोलायला लागला! भटजी पळीपंचपात्र घेऊन दोन पावलं मागं सरकले. म्हणाले, "सर, हे आमच्यात नाही येत."

अक्षता बोर्डाच्या चौकटीत अडकल्या त्या अडकल्याच. त्या दिवसापासून बोर्डाला वाटतं, कुंकवाच्या कोपऱ्यात कुणीतरी कायम बोट टेकवून उभं आहे. चुरी बाई गणित शिकवतात. त्यांनी त्रिकोण काढायला घेतला की तिसरी रेघ सुटते ती थेट कोपऱ्याकडे!

पोरं ओरडतात, "बाई, रेघ देवाला निघाली!"

चुरी बाई शांतपणे म्हणतात, "जाऊ दे. दोन बाजूंवर भागवू आपण."

*

बोर्ड आला, पण वीज कुठं जागेवर असते? मग सोलरच्या काचा आल्या. कौलांवर वजन झेपणार नाही म्हणून त्या अंगणातच लोखंडी पायांवर बसवल्या. काळ्याभोर, गुळगुळीत, उन्हाकडे कललेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटक उघडतो तर काचा दिसेचनात! वर गुलाबी जवळा पसरलेला. खालच्या कडेला जुनं जाळं बांधलेलं, म्हणजे कोळंबीचं ते इवलंसं पोर घसरून जाऊ नये. बाजूला जनाबाय कावळे हाकत बसलेली.

जनाबाय म्हणजे गावातल्या मासळीवाल्या बायकांची पुढारी. ती आनंदात होती. "दामूदादा, सरांना सांगा, देव भलं करील त्यांचं. वाळूत टाकला तर जवळ्यात खर येते. ह्यो पाट किती चांगला दिला हो!"

कदम सर धावत आले. "मावशी, हे तुमच्यासाठी नाही! हे सूर्याचं आहे!"

"मंग? जवळा काय ट्यूबलाइटवर सुकतो?"

कदम सरांनी वीज कशी तयार होते ते सगळं समजावलं. जनाबायनं मन लावून ऐकलं. मग म्हणाली, "म्हंजे काचेला फक्त ऊन पायजे. ते दुपारी पन असतं."

शेवटी राऊत सरांनी तोडगा काढला. या बायकांचीच पोरं शाळेत, त्यांना दुखवून पट कसा टिकायचा? सकाळी काचा जवळ्याच्या, दुपारी बोर्डाच्या. मधल्या सुट्टीत मी दोन-दोन टोल द्यायचे, की बायकांनी येऊन जवळा उचलायचा. शाळेच्या वेळापत्रकात प्रार्थनेची घंटा आहे, सुट्टीची घंटा आहे आणि त्याखाली कदम सरांच्या सुंदर अक्षरात लिहिलंय, 'जवळ्याची घंटा'.

बोर्डाला मात्र दुपारी सुक्या मासळीचा वास येतो, असं पोरं सांगतात. मला काही येत नाही. माझ्या नाकानं तो भेद केव्हाच सोडला.

*

कदम सर हार मानणारे नव्हेत. त्यांनी अंगणातल्या झाडांना ते काळे-पांढरे चौकोन चिकटवले. मोबाइल धरला की त्या झाडाची माहिती समोर येते. पोरं खूश.

रविवारी शाळेबाहेरच्या चिंचेखाली बायका मासळी विकायला बसतात. बोईसरच्या कारखान्यांतली माणसं येतात. एकानं बांगडे घेतले, मोबाइल काढला आणि समोर दिसला त्या चौकोनावर धरला. पुन्हा धरला. मग घाबरून म्हणाला, "मौसी, पैसा नहीं जा रहा! इमली का पेड़ आ रहा है!"

जनाबायनं वर चिंचेकडे बघितलं. "त्या बयेनं कवा बांगडं इकलं? पैसं मला दे!"

*

चुरी बाई पालघरला तिसऱ्या मजल्यावर राहतात. मोबाइलवर गृहपाठ द्यायचा हुकूम आला तेव्हा त्यांनी चष्मा वर करून, जीव मुठीत धरून पहिला गृहपाठ पाठवला. 'तुमच्या आवडत्या प्राण्याचा फोटो पाठवा.'

तो गेला पोरांच्या ग्रुपऐवजी त्यांच्या आयांच्या मासळी बाजाराच्या ग्रुपवर. बाईंना दोन्हीकडे घेतलेलं होतं, त्यांचं बोट चुकलं.

संध्याकाळपर्यंत फोटोच फोटो! सुरमई, पापलेट, एक जिवंत चिंबोरी नांगी उगारलेली. बाईंना वाटलं, काय ही कोळ्यांची पोरं, आवडता प्राणी म्हणून कुत्रा-मांजर नाही, मासळीच! त्यांना भरून आलं. प्रत्येक फोटोखाली त्यांनी लिहिलं, 'छान!' चिंबोरीला तर 'खूपच छान! शाब्बास!'

दुसऱ्या दिवशी पहाटे दारावर टकटक. दारात तीन टोपल्या आणि तीन बायका, तीन जिने चढून धापा टाकत असलेल्या.

"बाई, तुमी छान म्हनलंत, म्हनून ताजीच आनली."

मार्गशीर्षातला गुरुवार होता. आत बाईंच्या सासूबाई कलश मांडून पोथी वाचत होत्या. आणि चिंबोरी टोपलीतून उतरून आत निघाली होती!

बाई सांगतात, "दामूकाका, सासूबाईंनी पोथी सोडली नाही. पाय मात्र वर घेतले."

*

मग आली तोंडाची हजेरी. शिक्षकांनी शाळेत येऊन मोबाइलसमोर तोंड धरायचं, मोबाइलनं ओळखलं तर हजर.

राऊत सर जानेवारीत चार दिवस रजा टाकून तिरुपतीला गेले. शाळा टिकू दे म्हणून नवस होता. केस आणि मिशी देऊन आले. सकाळी मोबाइलसमोर उभे राहिले, तर मोबाइल म्हणाला, 'व्यक्ती ओळखता येत नाही.'

सर हसले. मोबाइल हसला नाही. सरांनी उजेडात जाऊन बघितलं, चष्मा काढून बघितलं. चुरी बाई मोबाइलला म्हणाल्या, "अरे, तेच आहेत रे!" सरांनी वर फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "आपण राऊत सरच आहात, असा अर्ज राऊत सरांच्या सहीनं पाठवा."

शेवटी कदम सरांनी स्नेहसंमेलनाची पेटी उघडली. त्यात नारदाचा टोप होता, वर बांधलेल्या शेंडीसकट. सरांनी तो घातला, काळी मिशी चिकटवली आणि उभे राहिले. मोबाइल लगेच म्हणाला, 'उपस्थिती नोंदवली. धन्यवाद!'

केस वाढेपर्यंत रोज सकाळी हाच कार्यक्रम. सरांचे केस हळू वाढतात. पहिलीची पोरं तर प्रार्थनेला त्यांना बघून "नारायण, नारायण" म्हणायला लागली. सर रागावले नाहीत. मला हळूच म्हणाले, "काका, म्हणू दे. तेवढी तरी पोरं आहेत."

*

आणि मग तो दिवस आला.

आदल्या दिवशी निरोप आला होता. पालघरहून शिक्षण खात्याचे साहेब स्मार्ट बोर्डावरून शाळा बघणार, सकाळी, शाळा भरल्या भरल्या. पोरं पटावर आहेत, पण बाकावर आहेत का, ते त्यांना बघायचं होतं. त्यावर शाळेचं ठरणार होतं.

सर रात्रभर झोपले नसावेत. सकाळी वर्गात आलो तर बाकावर मूठभर पोरं! पहाटे बोटी लागल्या होत्या आणि जवळा इतका आला होता, की बाकीची पोरं आयांना हातभार लावायला किनाऱ्यावर. त्यात वीज गेलेली. आणि अंगणात काचांवर जवळा, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

कदम सर बोर्डाचं बटण दाबून दाबून थकले. राऊत सर खुर्चीवर बसले. मला वाटतं, ते माझ्या कमरेच्या चाव्यांकडे बघत होते.

"काका," ते म्हणाले, "घंटा द्या."

"कसली, सर? प्रार्थना तर झाली."

"जवळ्याची."

मी दिली. दोन-दोन टोल. थांबलोच नाही.

अवेळी घंटा ऐकून किनाऱ्यावरून बायका धावत सुटल्या. लुगड्यांचे ओचे खोचलेले, हात ओले, डोक्यावर रिकाम्या टोपल्या. आया पळाल्या म्हणून मागं पोरं पळाली. जनाबाय सगळ्यांच्या पुढं. "काय झालं? सर बरं हायत ना?"

कदम सरांनी दोन वाक्यांत सांगितलं. जनाबायनं फिरून एकच हाळी दिली. घडीभरात काचा मोकळ्या! पोरं आपापल्या बाकावर. कोवळं ऊन काचांवर पडलं, बोर्डानं डोळे मिटले-उघडले आणि लागला. बायका जायला निघाल्या, तर राऊत सर म्हणाले, "धावत आलात. मागच्या बाकांवर टेका जरा." त्या टेकल्या.

बोर्डावर साहेब उगवले. वय झालेले, चष्म्याचे. कुंकू बरोबर त्यांच्या कपाळाच्या बाजूला आलं होतं.

"मुख्याध्यापक कोण?"

"मी, साहेब. राऊत."

साहेबांनी निरखून बघितलं. सर टोप काढायला विसरले होते. "आज नाटक आहे का शाळेत?"

"नाही साहेब. हजेरी होती."

साहेबांनी बोटानं एकेक बाक मोजायला सुरुवात केली. पोरांचे हात ओले, केसांत खवले, पण सगळी ताठ बसलेली. बोट मागच्या बाकांपर्यंत आलं आणि थांबलं.

"त्या मागे कोण बसल्या आहेत?"

सर बोलायच्या आत जनाबाय उभी राहिली. हाताची घडी घालून, शाळेत उभं राहतात तशी.

"हजर!"

"आपण... कितवीत?"

"चौथीत."

"चौथीत?"

"बाबा वारला, तवा आयेसंगं टोपली घेतली. शाळंतून माझा दाखला कुनी नेला नाय, साहेब. म्हंजे मी हायेच ना अजून?"

राऊत सर उठले. त्यांनी टोप काढून हातात घेतला.

"साहेब, आमच्या शाळेत गळती नाही. काही पोरं जरा उशिरा येतात, एवढंच."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बराच वेळ खाली काहीतरी लिहीत होते. मग मान वर करून म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या वर्षी यांना पाचवीत बसलेलं बघतो."

"बघा ना, साहेब," जनाबाय म्हणाली. "पन दुपारचं या. सकाळी तुमच्यावर जवळा असतो!"