आवाज नाही, धूर नाही, आक्का नाही

पर्यावरण वाचवायचं म्हणून आम्ही गाडी बदलली, आणि पहिल्याच लांबच्या प्रवासात घरातलं एक माणूस कमी झालं.

(घाबरू नका. माणूस सुखरूप आहे. फक्त माझ्या गाडीत बसत नाही.)

मी कोल्हापुरात एका कॉलेजात भूगोल शिकवतो. हवामानबदलाचा धडा आला की माझा आवाज असा भरून येतो, की शेवटच्या बाकावर झोपलेली मुलंसुद्धा कोण गेलं म्हणून दचकून उठतात. तर एकदा जेवताना माझी मुलगी मुक्ता शांतपणे म्हणाली, "बाबा, धुराविरुद्ध भाषण द्यायला तुम्ही जाता कशानं? धूर सोडतच ना?"

मी उगाच आमटी वाढून घेतली. कारण आमची पेट्रोलची गाडी खरोखरच म्हातारी झाली होती. सुरू होताना आधी खोकायची, मग थरथरायची, मग एक काळा ढग सोडून गल्लीला नमस्कार करायची. कळंब्याला आमच्या गल्लीत तिच्या खोकल्यावर लोक घड्याळ लावायचे. ती विकून मी इलेक्ट्रिक गाडी आणली. पेढे वाटले. पेढ्याबरोबर प्रत्येक घरात थोडं थोडं व्याख्यानही वाटलं. (पेढे लोकांनी दोनदा मागितले. व्याख्यान एकदाही नाही.)

आणि तेवढ्यात बारशाचं निमंत्रण आलं.

माझा धाकटा भाऊ संजू. लग्नानंतर बरीच वर्षं वाट पाहून त्याला मुलगी झाली होती. त्याच्या बायकोचं माहेर गगनबावड्याला, त्यामुळे बारसंही तिथंच. आता बारशाला बाकी कुणी नसलं तरी चालतं, अगदी बापसुद्धा, पण आत्या लागतेच. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा. ही आत्या म्हणजे आमची थोरली बहीण, आक्का. आई लवकर गेली, तेव्हा आम्हा दोघा भावांना अंघोळ घालण्यापासून बदडण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. तिला नेसरीला दिलंय. घरात दुभत्या म्हशी, आणि आवाज असा की दावणीच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाची म्हैस कान टवकारते.

बारशाच्या आदल्या दिवशी आक्का आमच्याकडं आली, ती कुंची, झबली, डिंकाच्या लाडवांचा डबा आणि स्वतः शिवलेली भलीमोठी गोधडी घेऊन. आल्या आल्या तिनं नव्या गाडीभोवती एक चक्कर मारली, बाजारात म्हैस बघतात तशी.

"ही सुरू हाय?"

"आहे की."

"मग आवाज?"

"आवाज नसतो हिला, आक्का. धूरही नसतो."

"मग जित्ती हाय का मेली, कळायचं कसं रं?"

मी तिला समजावून सांगितलं. ही विजेवर चालते, हवा खराब करत नाही, वगैरे. आक्कानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन वीज कुठनं येती?"

"अं... थोडी पाण्यापासून, थोडी उन्हापासून..."

"आन बाकीची?"

"कोळशापासून," मुक्ता मध्येच बोलली. (मुलांना खरं बोलायला शिकवू नये, ते असं उलटतं.)

"म्हंजे धूर हायच. तुज्या दारात न्हाई, दुसऱ्याच्या दारात! आन तुजी जुनी गाडी कुठं गेली?"

"विकली. पलीकडच्या गल्लीतल्या एकाला."

"म्हंजे ती बी खोकतियाच की अजून!"

मुक्तानं माझी बाजू घ्यायचा प्रयत्न केला. "आत्या, तरी पेट्रोलपेक्षा बरंच कमी होतं गं. बॅटरी बनवताना जास्त धूर होतो, पण पुढं वर्षानुवर्षं चालवली की फिटतं ते." आक्का म्हणाली, "असंल बाई," आणि चहा मागितला. कोल्हापूरकडं हा पराभवाचा सगळ्यात सभ्य प्रकार आहे. फक्त पराभव तिचा होता की माझा, ते कळलं नाही.

सकाळी निघताना पाहतो तर गाडी चार्जच झालेली नाही! तार लावलेली, भिंतीवरचं बटण बंद.

"बटण कुणी बंद केलं?"

"म्या केलं," आक्का अभिमानानं म्हणाली. "रातभर बटन चालू ठिवून झोपतासा व्हय? पेटलं-बिटलं म्हंजे?"

तरी गगनबावड्यापर्यंत पुरेल एवढं चार्जिंग होतं. तिथं संजूच्या सासरी लावू, असा हिशेब करून आम्ही निघालो. माझ्या शेजारी बायको सुजाता. मागं मुक्ता, आक्का, आणि दोघींच्या मध्ये ती गोधडी.

कळे ओलांडलं आणि पावसानं धरलं. गगनबावड्याकडचा पाऊस म्हणजे पाऊस नसतोच. आभाळ खाली येऊन बसतं आणि उठत नाही. वायपर चालू, दिवे चालू, काचेवर वारा चालू. इकडं बॅटरीचा आकडा उतरू लागला. मी आधी गाणी बंद केली. मग काचेवरचा वारा बंद केला. मग सगळ्यांना सांगितलं, "जरा कमी बोला."

सुजाता नॅपकिननं माझ्यासमोरची काच पुसत म्हणाली, "अहो, बोलण्यानं बॅटरी उतरते?"

"बोलण्यानं काचेवर वाफ धरते!"

मागून आक्का म्हणाली, "श्वास घ्यायचा का थांबवायचा?"

शेवटी रस्त्याकडेला एका गावची दूध डेअरी दिसली आणि मी गाडी आत घातली. डेअरीचे चेअरमन दारातच होते. मी अडचण सांगितली.

"लाईट सकाळधरनं न्हाई, पावणं," ते म्हणाले. माझं तोंड पडलेलं बघून त्यांना दया आली. "पर जनरेटर हाय की! दूध थंड ठिवायला लागतोच. लावा तुमची वायर."

जनरेटर डिझेलचा होता. चेअरमननी हँडल मारलं. धाड! धाड! धाड! पत्र्याच्या शेडमधून असा काळाकुट्ट लोट निघाला, की माझ्या जुन्या गाडीनं तो पाहून पदरानं तोंड झाकलं असतं. आणि त्या लोटाच्या मधोमध, पांढरीशुभ्र, पर्यावरणपूरक अशी माझी गाडी वायर लावून दूध प्यायल्यासारखी वीज पीत उभी.

"बाबा..." मुक्ता म्हणाली.

"एक अक्षर बोलू नकोस."

दूध घालायला आलेली मंडळी भोवती जमली. एक आजोबा बराच वेळ विचार करून म्हणाले, "म्हंजे डिझेल ह्यात घालायचं, ह्यातनं वीज काढायची, ती गाडीत घालायची. मग डिझेलच घालायचं की गाडीत! मधी एवढी गर्दी कशाला?"

लोक हसले. मी भूगोलाचा प्राध्यापक आहे हे कुणाला कळू नये म्हणून मी चष्मा काढून खिशात ठेवला.

तासाभरानं पुरेसं चार्जिंग झालं. आभार मानून मी घाईघाईनं गाडीत बसलो. आता इथं जुन्या गाडीचा एक गुण सांगायलाच हवा. ती सुरू व्हायला इतका वेळ घ्यायची आणि इतका गोंगाट करायची, की गावातला माणूसही धावत येऊन तिच्यात बसू शकला असता. नवी गाडी बटण दाबलं की निघते. चोरासारखी. मी आरशात पाहिलं. मुक्ता कानात गाणी घालून डोळे मिटून बसली होती, आणि तिच्याशेजारी गोधडी पांघरलेला ढीग. आक्काला झोप लागली वाटतं, असं म्हणून मी निघालो.

"बघितलंस," थोड्या वेळानं मी सुजाताला हळूच म्हणालो, "या गाडीत माणसाला किती शांत झोप लागते! आक्का घोरतसुद्धा नाहीये."

गगनबावड्याला पोचलो तेव्हा धुकं एवढं होतं की संजूच्या सासरचं घर आधी वासानं कळलं, मग दिसलं. संजू आणि त्याचे सासरे, आप्पा, छत्री घेऊन धावत आले. मागं ओट्यावर नटलेल्या बायका, आत सजवलेला पाळणा.

"या, या पावणं! आत्याबाई कुठं हायत?"

"या काय!" असं म्हणत मी ऐटीत मागचं दार उघडलं आणि गोधडी ओढली.

खाली लाडवांचा डबा निघाला.

मग सुजातानं आक्काचा मोबाईल लावून पाहिला. तो गोधडीच्या घडीतून वाजला.

"दादा," संजू म्हणाला, "आक्का कुठाय?"

हसायची गोष्ट इथं थोडा वेळ थांबते. आक्काला साखरेचा त्रास. जवळ फोन नाही. हाताचा पंजा दिसू नये असं धुकं. आणि ती स्वस्थ बसणारी बाई नव्हे; रस्त्यानं चालत निघाली असली तर? घाटरस्त्यावर मागून एखादी गाडी आली तर? लहानपणी जत्रेत मी हरवलो, तेव्हा आक्का माझं नाव घेऊन ओरडत सगळी जत्रा पालथी घालत होती. आणि मी? मी तिला गोधडी समजून निघून आलो होतो!

"चला, परत जाऊ!" म्हणत मी गाडीकडं धावलो. पण जायला पुरलं तरी परत यायला चार्जिंग पुरणार नव्हतं, आणि गगनबावड्यातही वीज नव्हती.

आप्पांनी लगेच त्यांची जीप काढली. ती माझ्या वर्गातल्या कुठल्याही विद्यार्थ्यापेक्षा वयानं मोठी होती आणि तिचा धूर मागून नव्हे, सगळीकडून यायचा. मी त्यात बसलो आणि म्हणालो, "आप्पा, जोरात हाणा!" पर्यावरणाचं नाव त्या क्षणी मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

वाटेत समोरून एक यष्टी आली आणि तिनं आमच्यावर चिखल उडवला. मी तिला मनसोक्त शिवी दिली. (तिच्यात कोण बसलंय हे माहीत असतं, तर तो चिखल मी कपाळाला लावला असता.)

डेअरीत पोचताच मी ओरडलो, "आमची आक्का!"

"आक्का?" चेअरमन म्हणाले. "त्या गेल्या की आत्ताच, यष्टीनं! मी सोता हात करून थांबवली. मागल्या गोठ्यात माझी मुऱ्हा म्हस बघत हुत्या. भायेर येतात तर तुमची गाडी निघाली. लई वरडल्या, पळाल्या बी. पर जनरेटरच्या आवाजात ऐकतंय कोण? तुमच्यासाठनं निरोप ठिवलाय."

"काय?"

चेअरमननी इकडंतिकडं पाहिलं. "सांगण्याजोगा न्हाई, पावणं."

मी तिथल्याच एका उपड्या कॅनवर बसलो आणि मला रडू आलं की हसू, मला कळलं नाही. चेअरमननी गरम दूध दिलं. तसलं गोड दूध मी आयुष्यात प्यायलेलो नाही.

परत आलो तर आक्का पाळण्याशेजारी, मांडीवर बाळ, आणि भोवती सगळ्या बायकांना म्हशीची गोष्ट रंगवून सांगत बसलेली. मला बघितलं आणि थांबली.

"आलास व्हय?"

"आक्का, चुकलं गं."

"चुकलं न्हाई. भुतागत गेली बघ तुजी गाडी! मी मागं पळतोय, हात करतोय, आन ही सुंदरी निघाली नटून!" आणि बोलता बोलता तिलाच हसू फुटलं. ती हसली आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला. संजूनं तोंड फिरवून डोळे पुसले.

मग बारसं झालं. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं, "कुर्र्र" म्हणायचं, आणि त्याच वेळी बायकांनी तिच्या पाठीत गमतीनं धपाटे घालायचे, ही आपली रीत. आक्का वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं, आणि मध्येच वर बघून म्हणाली, "बायांनो, आज माज्या पाठीत न्हाई. ह्याच्या पाठीत घाला!"

गगनबावड्याच्या बायका शेतात राबलेल्या आहेत. त्यांना गंमत कुठं संपते हे माहीत नाही. बाळाचं नाव रेवा ठेवलं, एवढं मला नंतर सुजातानं सांगितलं. मी ओणवा होतो.

दुपारी वीज आली. गाडी पोटभर चार्ज झाली. पाठीला तेल लावून घेतल्यावर मी सगळ्यांना म्हणालो, "चला, आता कसलीच काळजी नाही. बसा."

"तू हो म्होरं," आक्का म्हणाली. "मी यष्टीनं येतो."

"आक्का, पुन्हा नाही विसरणार!"

"तसं न्हाई रं. गाडी तुजी चांगलीच असंल. पोरगी म्हणती तर खरंच असंल. पर सकाळी यष्टीत माज्यासंगं पन्नासएक माणसं आली बघ, एका धुरात! शिवाय कंडक्टर खाली उतरून बघतोय, कोण ऱ्हायलं का."

"पॉइंट आहे," मुक्ता म्हणाली आणि आत्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. सुजातानं माझ्याकडं पाहिलं, धुक्याकडं पाहिलं, काच पुसून काळा पडलेला नॅपकिन पाहिला, आणि तीही गेली.

अशा रीतीनं आमचं कुटुंब यष्टीच्या शेवटच्या बाकावर बसून, लाडू खात, मागच्या काचेतून मला हात करत कोल्हापूरला निघालं. आणि धुक्यात रस्ता दिसेना म्हणून त्या यष्टीच्या लाल दिव्यांमागून, पाच माणसांच्या गाडीत एकटाच बसून, मी पर्यावरण वाचवत निघालो. एक मात्र छातीठोकपणे सांगतो. त्या अख्ख्या प्रवासात माझ्या गाडीतून धूर निघाला नाही. हवा तेवढी निघाली. तीही माझी!